प्रशिक्षक : कुंभार की कुंभाराचं गाढव?



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला तुम्ही क्रिकेटवर बोलायला उभं केलंत, हे मांजर्लीकरांचं धाडसच म्हणायचं. मी काही खेळाडू नाही. रेडिओला कान लावून सामने ऐकणारी जी पिढी होती, तिच्यातला मी एक. त्यामुळे फलंदाजीच्या तंत्राबद्दल मी बोलणार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. संघ जिंकतो किंवा हरतो, त्यात प्रशिक्षकाचं नेमकं काय असतं? माझं म्हणणं असं की हा हिशेब आपण वर्षानुवर्षं चुकीचा मांडत आलो. आणि ‘आपण’ म्हणताना मी स्वतःला वगळत नाही.

आपल्या न्यायदर्शनात कार्यकारणाची चर्चा आली की मडकं हमखास येतं. मडकं कशामुळे झालं? माती हवी, कुंभार हवा, चाक आणि दंड हवा. ही कारणं. मग एक खट्याळ प्रश्न येतो. माती गाढवाच्या पाठीवरून आली, मडक्याच्या आधी गाढव होतंच. मग गाढवही कारण का? नैयायिक म्हणतात, नाही. माती डोक्यावरूनही आणता आली असती. गाढव तिथे होतं, पण त्याच्यावाचून अडलं नसतं. अशा गोष्टीला ते ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. कुंभाराचा बापसुद्धा त्याच यादीत आहे, बरं का. (हशा)

तर प्रशिक्षक हा कुंभार की गाढव? आपला व्यवहार पाहा. संघ जिंकला की खेळाडू जिंकले, प्रशिक्षक नुसता सोबत होता. म्हणजे गाढव. हरला की, ‘काढा त्याला!’ आता जो कारणच नाही, त्याला शिक्षा कशी देणार? आणि तो कारण असेल, तर विजयातला त्याचा वाटा कुठे गेला? दोन्ही एकदम चालणार नाही. हा तर्कातला दोष आहे, क्रिकेटमधला नाही.

मुळात आपल्याकडे हे पद आलंच उशिरा. आधी असायचा तो मॅनेजर. दौऱ्याची व्यवस्था बघणारा, मेजवानीत संघाच्या वतीने चार शब्द बोलणारा. पण त्याही काळात अपवाद होते. १९७१ च्या इंग्लंड दौऱ्यावर मॅनेजर होते लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी, पुण्यात जन्मलेले, स्वतः उत्तम क्षेत्ररक्षक. ओव्हलवर इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखरने सहा बळी घेतले, हे सगळ्यांना पाठ आहे. पण फलंदाजाच्या नाकासमोर उभे राहून झेल घेणारे ते हात, ती शिस्त, तिच्यामागे कोण होतं? धावफलकावर त्याला रकाना नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. १९८३ चा विश्वचषक आपण प्रशिक्षकाशिवाय जिंकला. हैदराबादचे मानसिंग मॅनेजर होते, एवढंच. म्हणजे काही मडकी गाढवाशिवायही होतात, हे मान्य करून पुढे जाऊ.

१९९२ मध्ये अजित वाडेकर संघाचे क्रिकेट मॅनेजर झाले. १९७१ च्या दोन्ही विजयांचे कर्णधार, आणि १९७४ मध्ये इंग्लंडमध्ये ०-३ हरल्यावर खेळातून बाहेर पडलेले. लोक डोक्यावर घेतात म्हणजे काय आणि खाली आपटतात म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. २७ मार्च १९९४, ऑकलंड. सिद्धूची मान आखडली. सचिन तेंडुलकर वाडेकर आणि अझरुद्दीनकडे गेला आणि म्हणाला, मला सलामीला पाठवा. नाही जमलं तर पुन्हा मागणार नाही. दोघांनी होकार दिला. ४९ चेंडूंत ८२ धावा. पुढचा इतिहास मी सांगायला नको.

आता या प्रसंगात वाडेकरांनी केलं काय? बॅट तर हातात घेतली नाही. कल्पनाही त्यांची नव्हती. त्यांनी ‘हो’ म्हटलं. पण ‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं, याचा विचार करा. मधल्या फळीचा तुमचा सर्वांत चांगला फलंदाज नव्या चेंडूपुढे पाठवायचा, आणि फसलं तर उत्तर कोणी द्यायचं? परवानगी देणं ही कृती आहे, आणि ती जोखमीची कृती आहे. जी गोष्ट एरवी झाली नसती किंवा फार उशिरा झाली असती, ती होण्याला ज्याने वाट दिली तो अन्यथासिद्ध नव्हे. इथे वाडेकर कुंभाराच्या बाजूला बसतात.

आता माझी कबुली. १३ मार्च १९९६, ईडन गार्डन्स, श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामना. नाणेफेक जिंकून आपण क्षेत्ररक्षण घेतलं. एक बाद ९८ वरून आठ बाद १२०, मग बाटल्या, जाळपोळ, आणि सामना श्रीलंकेला बहाल. त्या रात्री मी वाडेकरांना आणि अझरला काय काय बोललो, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. ‘एवढंही कळलं नाही का, की खेळपट्टी फुटणार?’ हे मला कळलं कधी? ती फुटल्यावर! अकरा दिवसांपूर्वी दिल्लीत याच श्रीलंकेने आपल्या २७१ धावा पार केल्या होत्या, त्यात सचिनच्या १३७ होत्या. अशा संघाला पाठलाग करू द्यायचा नाही, हा विचार मूर्खपणाचा नव्हता. आणि पहिल्याच षटकात जयसूर्या आणि कालुवितरणा दोघेही बाद झाले, तेव्हा तोच निर्णय मला शहाणपणाचा वाटला होता. निर्णय तोच, माणसं तीच. तीन-चार तासांत माझं मत उलटं झालं. नवं कारण सापडलं म्हणून नव्हे, नुसता निकाल दिसला म्हणून. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे शोभलं नाही.

कोणी म्हणेल, सर, मग निकालाला काही किंमतच नाही का? आहे. निकाल हा पुरावा आहे, निवाडा नाही. एका पुराव्यावर फाशी देत नाहीत. आम्हा मास्तरांना हे दुखणं ओळखीचं आहे. वर्गाचा निकाल नव्वद टक्के लागला तर मुलं हुशार, चाळीस टक्के लागला तर मास्तर निकम्मा.

जग याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणं आहे असंही नाही. ब्राझीलचं बघा. फुटबॉलच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक हा तिथे जवळजवळ मंत्र्याइतका चर्चेतला माणूस. १९७० च्या विश्वचषकाआधी जोआव साल्दान्या नावाच्या पत्रकाराला त्यांनी प्रशिक्षक केलं. त्याच्या संघाने पात्रता फेरीतले सहाच्या सहा सामने जिंकले. तरी स्पर्धेला काही महिने असताना त्याला काढलं आणि मारियो झगालोला आणलं. झगालोने मेक्सिकोत सहाच्या सहा सामने जिंकून चषक आणला. तो चषक कोणाचा? पुष्कळसा संघ साल्दान्याने उभा केलेला, त्याला अंतिम आकार झगालोने दिलेला. नाव मात्र एकाचंच लागतं. माणसाने जाताना मागे काय ठेवलं, हे निकालपत्रकात दिसत नाही.

आपल्याकडे तर याहून गंमत आहे. संदीप पाटील १९९६ मध्ये काही महिने भारताचे प्रशिक्षक होते, मग गेले. २००३ च्या विश्वचषकात डर्बनला उपांत्य सामना झाला भारत आणि केनिया यांच्यात, आणि केनियाच्या बाजूला प्रशिक्षक म्हणून बसले होते संदीप पाटील! आपण तो सामना ९१ धावांनी जिंकला. केनिया त्या पायरीवर पोहोचली, यात काही संघांनी न खेळता सोडून दिलेल्या सामन्यांचा वाटा होता, हे खरं. पण त्या मुलांनी श्रीलंकेलाही हरवलं होतं. २००७ मध्ये पहिला ट्वेंटी-२० विश्वचषक धोनीने जिंकला, हे शेंबडं पोरही सांगेल. त्या संघाबरोबर मुंबईचे लालचंद राजपूत होते, हे किती जणांना आठवतं? हात वर करा. (काही हात वर) बघा, तीन.

तिसरं उदाहरण राहुल द्रविडचं. इंदूरला जन्मलेला, बंगळुरूत वाढलेला, आपल्याच मराठी घरातला. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत अंतिम सामना हरला. २९ जून २०२४ ला बार्बाडोसला दुसरा अंतिम सामना सात धावांनी जिंकला. शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा तो झेल घेतला. त्याचं पाऊल दोरीला लागलं असतं, तर? षटकार, आणि कदाचित पराभव. मग द्रविड तोच राहिला असता, त्याची अडीच वर्षांची मेहनत तीच राहिली असती, आणि आपण म्हणालो असतो, ‘खेळाडू मोठा, पण प्रशिक्षक म्हणून फसला.’ बोटभर दोरीवर एका माणसाची लायकी ठरवणं, याला समीक्षा म्हणत नाहीत.

रवी शास्त्रींच्या काळात ॲडलेडला ३६ धावांत डाव संपला, आणि महिन्याभरात ब्रिस्बेनला आपण ३२८ चं लक्ष्य गाठून मालिका जिंकली. कर्णधार आपल्या शेजारच्या डोंबिवलीत वाढलेला रहाणे. श्रेय कोणाचं? शास्त्रींचं आहे, रहाणेचं आहे. आणि ‘भारत अ’ संघात त्यातल्या बऱ्याच पोरांना घडवणाऱ्या द्रविडचंही आहे, जो तेव्हा ऑस्ट्रेलियात नव्हताच. कुंभार एकच असला पाहिजे, हा आग्रह नैयायिकांनीही धरला नव्हता.

आता शेवटचं. अमोल मुझुमदार. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि कांबळी ६६४ धावांची भागी करत होते, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून हा मुलगा पॅड बांधून बसला होता. त्याचा नंबर आलाच नाही. रणजी पदार्पणात २६० केल्या. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा. भारताची टोपी मिळाली नाही. २०२३ मध्ये तो महिला संघाचा प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकात त्याचा संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड असे लागोपाठ तीन सामने हरला. इंग्लंडविरुद्ध फक्त चार धावांनी. त्या सामन्यात ज्या जेमिमा रॉड्रिग्जला वगळलं होतं, तिनेच उपांत्य सामन्यात नाबाद १२७ केल्या. २ नोव्हेंबरला नेरुळच्या मैदानावर आपल्या मुली जगज्जेत्या झाल्या आणि हरमनप्रीत त्याच्या पाया पडली. तुम्ही ते पाहिलंत, तुमचे डोळे भरून आले. माझेही आले.

पण मला विचारायचं आहे ते त्याआधीच्या दिवसांबद्दल. इंदूरला इंग्लंडकडून हरलो, त्या रात्री तुमचं मत काय होतं? स्पर्धा तिथेच संपली असती, तर ‘जो स्वतः भारताकडून खेळला नाही, तो काय शिकवणार’ हे वाक्य आपल्यातल्याच कोणाच्या तरी तोंडी आलं असतं. त्या रात्रीचा मुझुमदार आणि पाया पडून घेणारा मुझुमदार यांच्यात दोन आठवड्यांचं अंतर आहे. एवढ्यात माणूस गाढवाचा कुंभार होत नाही. तो कुंभारच होता. मडकं अजून चाकावर होतं, इतकंच.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढचा पराभव येणारच आहे, त्याला कोणी रोखू शकत नाही. तेव्हा ‘काढा त्याला’ म्हणण्याआधी दोन मिनिटं थांबा आणि विचारा: निर्णय घेताना त्याच्यापुढे काय होतं? आणि तो नसता, तर काय राहून गेलं असतं? उत्तर त्याच्या विरुद्ध गेलं, तर खुशाल काढा. पण विचारून काढा. वाडेकर २०१८ मध्ये, १५ ऑगस्टला गेले. त्यांच्याबाबतीत मी हे विचारलं नव्हतं, आणि ते देणं माझ्याकडून फिटायचं राहिलं.

एवढं बोलून थांबतो.