तोंड आधी, लेखणी मागून

धरणगाव हे बालकवींचं जन्मगाव, तेव्हा इथे भाषेवर बोलायचं म्हणजे कविता आलीच, असं तुम्हाला वाटेल. पण आजचा आमचा विषय साधा आहे: प्रश्न कसा विचारतात?

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. देकार्त मुळातून वाचावा म्हणून तरुणपणी फ्रेंच शिकायला बसलो आणि पहिली ठेच प्रश्नार्थक वाक्याशीच लागली. ‘तो बोलतो’ म्हणजे ‘इल पार्ल’. प्रश्न करताना कर्ता क्रियापदानंतर येतो. मग ‘पार्ल-इल’ व्हायला हवं. होतं मात्र ‘पार्ल-तिल’. हा ‘त’ आला कुठून? ‘दि-तिल’, ‘ए-तिल’ अशा रूपांत तो मुळातच असतो. त्यांची कानाला सवय झाली आणि जिथे नव्हता तिथेही लोक तो म्हणू लागले. सोळाव्या शतकातले व्याकरणकार नोंदवतात, की हा ‘त’ बोलतात, पण लिहीत नाहीत. लेखनात तो मागाहून आला, दोन्ही अंगांना जोडरेघा घेऊन. ‘प्रां-तिल’ म्हणजे ‘तो घेतो का’; इथे तर लिहायचं ‘द’ आणि म्हणायचं ‘त’! ‘एस्क’ लावूनही प्रश्न करतात. त्याचे ध्वनी चार, लिहायची अक्षरं आठ.

फ्रेंच म्हणजे शिस्तीची भाषा, असं आपण मानतो. पण ही शिस्त आधी तोंडानं घडवली, लेखणीनं ती मागून मान्य केली.

अर्थात तिथेही सगळ्याच तोंडांना मान मिळाला नाही. लोकांच्या बोलण्यात याच ‘तिल’चा ‘ती’ झाला आणि आपल्या ‘का’सारखं काम करू लागला. गास्तों पारीस या पंडितानं १८७७ मध्ये त्यावर लेख लिहिला. प्रमाण लेखनात ‘ती’ला जागा मिळाली नाही ती नाहीच.

आता घरी येऊ. ‘तू गेलास का?’ आणि ‘तू का गेलास?’ ‘का’ तोच, जागा बदलली की अर्थ बदलतो. पूर्वी ‘कां’ असं अनुस्वार देऊन लिहीत. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. चांगलंच केलं, लेखणीनं तोंडाचं ऐकलं.

मग अहिराणीच्या वेळी आपले कान का बंद होतात? मला-माले, तुला-तुले, कशाला-कसाले. नियम चोख आहे. तरी याला ‘अशुद्ध’ म्हणणारे आपल्यातच आहेत.

मावळताना सूर्य मोठा का दिसतो, असं आम्ही लहानपणी वर्गात विचारलं होतं. तोंडून ‘कसाले’ गेलं. गुरुजी हसले, वर्ग हसला. उत्तर राहिलं ते राहिलंच, आणि त्या वर्षी आम्ही पुन्हा हात वर केला नाही. आमची तक्रार एवढीच आहे. परीक्षेत प्रमाण मराठी हवी, तिचे नियम शिकवलेच पाहिजेत. त्याला आमचा विरोध नाही. पण नियम लिहिण्यासाठी असतात, प्रश्न विचारायची परवानगी देण्यासाठी नव्हे. आधी उत्तर द्यावं, रूप मग सुधारावं.

१६३७ मध्ये देकार्तनं पंडितांची लॅटिन सोडून लोकांच्या फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला. शंका घेण्याची सुरुवात त्यानं घरच्या भाषेत केली, हे आपण विसरतो.

असो. आता तुमचे प्रश्न. ‘का’ म्हणा, ‘कसाले’ म्हणा, पण विचारा.