त्वचारोगनिदानात उपमेचे स्थान

त्वचारोगशास्त्राची परिभाषा मोठ्या प्रमाणावर उपमेवर उभी आहे. चरकसंहितेत १८ कुष्ठे सांगितली असून त्यांतील ७ महाकुष्ठांची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. औदुंबर हे पिकल्या उंबरासारखे, पुंडरीक हे कमळाच्या पाकळीसारखे, तर काकणक हे गुंजेच्या वर्णाचे. पाश्चात्त्य परिभाषाही याला अपवाद नाही. 'लायकेन' हे नाव दगडफुलावरून आले आणि 'ल्यूपस' हे लांडग्यावरून. बेसल पेशींच्या कर्करोगाची कड मोत्यासारखी असते, असे विद्यार्थी आजही शिकतो.

या उपमांनी नजरेला वळण लावले, हे निर्विवाद होय. तथापि उपमा साम्य दाखविते आणि निदानाला भेद हवा असतो. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील आलिबेर यांनी १८०६ साली एका रुग्णाच्या अंगावरील अळंबीसारख्या गाठींचे वर्णन केले. त्यावरून पुढे 'मायकोसिस फंगॉइडिस' हे नाव रूढ झाले. वास्तविक या रोगाचा बुरशीशी काहीही संबंध नाही. तो टी-लसीकापेशींचा कर्करोग आहे. शिवाय, ज्या गाठींवरून नाव पडले त्या उत्तरावस्थेतील होत. आरंभी अनेक वर्षे केवळ इसबासारखे किंवा सोरायसिससारखे चट्टे दिसतात आणि सुरुवातीची ऊतिपरीक्षाही पुष्कळदा निर्णायक ठरत नाही. म्हणजे उपमा जेथे अचूक लागू पडते तेथे निदानाची निकड बरीचशी संपलेली असते.

दाहजन्य रोग व कर्करोग यांच्या सीमेवरील ही अडचण एकाकी नाही. स्तनाग्रावरील इसबासारखा विकार हा स्तनाच्या कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतो, हे जेम्स पॅजेट यांनी १८७४ मध्ये दाखविले. बोवेन यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला खवलेदार चट्टाही असाच फसवा आहे. सोरायसिस समजून त्यावर महिनोन्‌महिने मलम लावले जाते आणि वरच्या थरापुरता मर्यादित असलेला कर्करोग तसाच राहतो.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील वसंतराव खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली प्रसिद्ध केलेला शोधनिबंध येथे मार्गदर्शक ठरतो. त्यात 'धोतराच्या कर्करोगा'चे वर्णन आहे. कमरेभोवती घट्ट बांधलेल्या वस्त्राच्या दीर्घकाळच्या घर्षणाने त्वचा काळवंडते, तिच्यावर खवले येतात आणि क्वचित पुढे त्याच जागी कर्करोग उद्भवतो. परकराच्या नाडीखालीही तेच घडू शकते. हा व्रण कशासारखा दिसतो, या प्रश्नाच्या उत्तरातून तो ओळखता आला नसता. तो कोठे आहे, किती दिवसांचा आहे आणि रुग्णाची राहणी कशी आहे, या प्रश्नांतून तो ओळखला गेला.

प्रचलित पाठ्यपुस्तकांतील दुसरी उणीव वर्णासंबंधी आहे. दाहाचे पहिले लक्षण म्हणून जी लाली सांगितली जाते ती गोऱ्या त्वचेवरची होय. सावळ्या त्वचेवर तीच जांभळट, राखी किंवा गडद तपकिरी दिसते. न्यूयॉर्कच्या वैद्यांनी १९८५ मध्ये मेलानोमासाठी असममिती, अनियमित कड, रंगवैविध्य आणि ६ मिलिमीटरहून अधिक व्यास ही चार गमके सांगितली. ती उपयुक्त असली तरी गडद वर्णाच्या लोकांत हा रोग मुख्यतः तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली आढळतो. तेथे तो कुरूप किंवा नखाला लागलेला मार म्हणून सहज दुर्लक्षिला जातो. २००४ मध्ये या चार गमकांना 'बदल' हे पाचवे गमक जोडण्यात आले. केवळ रूपावर आधारलेल्या कसोटीला काळाचे परिमाण देणारी ही भर सर्वांत महत्त्वाची म्हटली पाहिजे.

यावरून उपमा टाकून द्यावी, असे मात्र निष्पन्न होत नाही. तिच्याशिवाय निरीक्षणाला आरंभच होणार नाही. परंतु तिला निर्णयाचा अधिकार देता येणार नाही. योग्य उपचार करूनही जो चट्टा अपेक्षित काळात हटत नाही, एकाच जागी वाढत राहतो किंवा फुटून भरत नाही, त्याचे आधी दिलेले नाव संशयास्पद मानून ऊतिपरीक्षा केली पाहिजे, आणि आवश्यक तेथे पुन्हा केली पाहिजे. अध्यापनातही प्रत्येक उपमेबरोबर तिचे अपवाद शिकविले गेले, तर इसबाच्या नावाखाली कर्करोगाला मिळणारी मुदत निश्चितच कमी होईल.