उसन्या उजेडातला चेहरा

कृष्णधवल व्यक्तिचित्रणाला अलीकडे पुन्हा भाव आला आहे, परंतु तो नेमका कशाला आला आहे हे पाहिले की चिंताच वाटावी. काळीभोर पार्श्वभूमी, चेहऱ्याच्या एकाच बाजूवर सोडलेला कडक झोत आणि संगणकावर मुद्दाम खोल केलेल्या सुरकुत्या एवढ्या भांडवलावर कोणत्याही गायकाला वा चित्रकाराला ऋषिपद बहाल करता येते, अशी समजूत दृढ झाली असून, दुसरीकडे जुन्या अस्सल कृष्णधवल चित्रांवर यंत्राकडून रंग चढवून घेण्याची हौस बळावली आहे. दोन्ही खोडींचे मूळ एकच आहे, चित्रात नसलेले वरून चढविण्याची घाई, आणि ते उघडे पाडायला छायाचित्रकार निमाई घोष यांनी टिपलेले चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित रे पुरेसे आहेत.

घोष यांचे वेगळेपण कळायला आधी परदेशातल्या छायाचित्रकारांची नावाजलेली व्यक्तिचित्रे पाहावीत. फिलिप हाल्समन यांचा १९४८ मधला हवेत उडालेला चित्रकार दाली ही मांजरांसकटची करामत आहे, आणि यूसुफ कार्श यांच्यासमोर बसलेला थोर पुरुष बहुधा स्वतःच्याच पुतळ्यासारखा दिसतो. अर्नोल्ड न्यूमन यांच्या १९४६ च्या चित्राची रचना अजोड खरी, पण त्यात संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीपेक्षा पियानोचे झाकणच अधिक बोलते.

घोष यांची वाट वेगळी. ते मूळचे रंगभूमीवरचे नट होते. टॅक्सीत कुणाचा तरी राहून गेलेला कॅनोनेट कॅमेरा त्यांच्या हाती आला आणि रे यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’च्या चित्रीकरणापासून १९९२ मध्ये रे यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास पाव शतक, ते त्यांच्या अवतीभवती वावरले. फ्लॅश त्यांना वर्ज्य होता. उपलब्ध प्रकाश, म्हणजे त्या जागी आधीच असलेला उजेड, एवढ्यावरच त्यांनी भागवले. सेटवर हा उजेड असतो पात्रांसाठी योजलेला. ‘अपराजितो’च्या (१९५६) वेळी रे यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी बनारसच्या घराच्या सेटवर कापड ताणून दिव्यांचा झोत त्यावरून परतवला; या परावर्तित प्रकाशाला कठोर सावल्या नसतात, आणि पुढे छायालेखक सौमेंदू रॉय यांनीही रे यांच्या चित्रपटांत त्याच वळणाचा मऊ उजेड राखला. त्यामुळे घोष यांच्या अनेक चित्रांत दिग्दर्शकाचा चेहरा त्याच्याच चित्रपटाच्या उसन्या उजेडात उजळलेला आहे, ही गोष्ट कोणत्याही स्टुडिओला विकत घेता येणारी नाही. शिवाय ‘चारुलता’पासून रे स्वतःच कॅमेरा चालवीत असल्याने कित्येकदा त्या चेहऱ्याचा बराच भाग कॅमेऱ्याआड गेलेला असतो, आणि तरीही माणूस पुरता सापडतो. मंद उजेडात टिपलेल्या फिल्मवर उतरणारा रवाळपणा ही त्या तासाची आणि त्या खोलीची खूण आहे. आजची मंडळी तोच रवाळपणा नंतर वरून भुरभुरतात, हे पिठीसाखर टाकून शिळी करंजी खपविण्यासारखे आहे.

रंगविणाऱ्यांचे म्हणणे असे की रंगामुळे माणूस जवळ येतो. परंतु घोष यांनी रे यांची रंगीत छायाचित्रेही काढली होती आणि ती स्वतंत्र पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाली आहेत. म्हणजे दोन्ही वाटा ज्याला ठाऊक होत्या त्याची निवड परस्पर फिरविण्याचा अधिकार यांना दिला कुणी? रे आपल्या पटकथा आणि रेखाटने ज्या ‘खेरोर खाता’मध्ये करीत, ती लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या चोपडीसारखी वही असे. कृष्णधवल चित्रात ती गडद राखाडी दिसते, आणि त्या राखाडीवरून रंगाचा अंदाज बांधणारे यंत्र तिला बेधडक निळी करू शकते.