एकोणपन्नास पोस्टकार्डे आणि एक नकाशा

अमेरिकेतील प्राथमिक शाळांत, विशेषतः चौथी-पाचवीच्या वर्गांत, एक उपक्रम बरीच वर्षे हौसेने केला जातो. पन्नास राज्यांतील पन्नास शिक्षक एकमेकांशी संधान बांधतात. प्रत्येकाचा वर्ग उरलेल्या एकोणपन्नास वर्गांना एकेक पोस्टकार्ड पाठवतो. वर्ष सरता सरता प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर देशाचा मोठा नकाशा लागतो आणि त्याभोवती आलेली कार्डे टाचलेली असतात. आपल्याकडेही काही शाळांनी जिल्ह्याजिल्ह्यांत असा पत्रव्यवहार करून पाहिला आहे. त्यात आम्हीही होतो. उपक्रम गोड आहे, मुलांना आवडतो आणि पाहुण्यांना दाखवता येतो. म्हणूनच त्याचे जरा कठोर परीक्षण करावे असे आम्हांला वाटते.

आधी हिशेब पाहू. अमेरिकेत पोस्टकार्डाचे तिकीट जुलै २०२५ पासून ६१ सेंटचे झाले. एकोणपन्नास कार्डांचे टपालच सुमारे ३० डॉलर होते. कार्डांची किंमत वेगळी. हा खर्च बहुधा शिक्षकाच्या खिशातून जातो. तेथील आयकर कायद्यात शिक्षकाने वर्गासाठी केलेल्या खर्चापोटी २०२५ साली ३०० डॉलरपर्यंत वजावट मिळत होती. अशी तरतूद मुद्दाम करावी लागली, यातच तिथली परिस्थिती कळते. आपल्या पोस्टकार्डाला पन्नास पैसे पडतात, म्हणजे एकोणपन्नास कार्डांचे साडेचोवीस रुपये. आपल्याकडे अडचण पैशांची नसते. टपाल कार्यालयात एकदम पन्नास कार्डे शिल्लक असतील की नाही, ही असते. आम्हांला त्यासाठी तीन कार्यालये हिंडावी लागली होती.

आता या कार्डांवर काय लिहिलेले असते ते पाहू. बहुतेक कार्डांवर राज्याची राजधानी, राज्याचे फूल, राज्याचा पक्षी, एखादे प्रेक्षणीय स्थळ आणि 'आमच्या वर्गाकडून नमस्कार' एवढा मजकूर असतो. तो मुलांनी पुस्तकातून उतरवून घेतलेला असतो. कार्ड घेणाऱ्या वर्गाच्या पुस्तकातही तो असतोच. म्हणजे दोन ठिकाणी छापलेली माहिती तिसऱ्या ठिकाणी पोहोचवण्यासाठी टपाल खात्याला राबवायचे, असा हा प्रकार होतो.

पक्ष्याचेच उदाहरण घेऊ. लाल रंगाचा, तुरा असलेला कार्डिनल हा पक्षी इलिनॉय, इंडियाना, ओहायो, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना अशा सात राज्यांचा राज्यपक्षी आहे. भिंतीवर एकोणपन्नास कार्डे टाचलेल्या वर्गात हे नाव पुन्हा पुन्हा येते. नकाशावर ही सात राज्ये एका रंगाने रंगवली तर ती एकमेकांना लागून असल्याचे दिसते. मग प्रश्न सुरू होतात. हा पक्षी तेवढ्याच भागात राहतो काय? नाही. तो दक्षिणेला फ्लोरिडात आणि टेक्ससमध्येही भरपूर आहे, पण त्या राज्यांनी मॉकिंगबर्ड निवडला. मग राज्यपक्ष्यांच्या यादीवरून पक्ष्यांचा प्रसार ठरवता येईल काय? कार्डिनल हिवाळ्यात स्थलांतर करत नाही, बर्फातही अंगणात येतो, त्याचा आणि लोकांनी त्याला निवडण्याचा काही संबंध असेल काय? दहा वर्षांच्या मुलाला झेपतील असे हे प्रश्न आहेत आणि सगळी सामग्री भिंतीवर टाचलेली आहे. पण उपक्रमाच्या आखणीत कार्ड टाचले की काम संपते. कोणते राज्य आले आणि कोणते राहिले, एवढीच मोजदाद चालते.

आम्ही हसण्याच्या स्थितीत नाही. आमच्या उपक्रमात आम्ही फळ्यावर मजकूर लिहून दिला होता. बेचाळीस मुलांनी तो सुवाच्य अक्षरात उतरवला. प्रत्येक कार्डावर हरियाल आणि शेकरू होते. दोन महिन्यांनी एका मुलीने विचारले, "बाई, शेकरू कुठे असतो?" वर्गातल्या एकानेही तो पाहिलेला नव्हता, आणि खरे सांगायचे तर आम्हीही नाही. आमच्या गावच्या बाभळीवर रोज दिसणारी खार मात्र एकाही कार्डावर नव्हती.

शाळाशाळांतील पत्रव्यवहाराची कल्पना मुळात इतकी पातळ नव्हती. सेलेस्तां फ्रेने हे फ्रान्सच्या दक्षिणेकडील डोंगराळ भागात बार-सुर-लू या गावी शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्यांना वर्गात फार वेळ मोठ्याने बोलता येत नसे. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गात एक छोटे छपाईयंत्र आणले. मुले आपल्या शब्दांत लिहीत, स्वतः खिळे जुळवत आणि छापत. ही छापील पाने देशाच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीतील समुद्राकाठच्या त्रेगंक येथील शाळेत जात, आणि तिथली पाने इकडे येत. डोंगरातल्या मुलांना समुद्र माहीत नव्हता, समुद्राकाठच्या मुलांना डोंगर. एकाला रोजचे वाटणारे दुसऱ्याला नवल वाटे, त्यामुळे लिहिणाऱ्याला आपल्याच गावाकडे नीट पाहावे लागे. येथे वर्ग दोनच होते, पन्नास नव्हते, आणि व्यवहार एका कार्डाचा नव्हता, सततचा होता. आमच्या मते सगळा फरक येथे आहे. एकोणपन्नास ठिकाणांहून एकेक कार्ड आले तर कोणालाच उलट प्रश्न विचारता येत नाही.

अशा कामाबद्दल शिक्षकाला काय मिळते, हेही फ्रेने यांच्या बाबतीत पाहण्यासारखे आहे. पुढे ते सँ-पॉल या गावी असताना त्यांच्या पद्धतीविरुद्ध गावात आणि वर्तमानपत्रांतून मोठी मोहीम उठली, आणि १९३३ साली त्यांना ती शाळा सोडावी लागली. १९३५ साली त्यांनी व्हान्स येथे स्वतःची शाळा उघडली. त्यांच्या हातात शिक्षकपदाचे रीतसर प्रमाणपत्र होते, पण ते त्यांच्या कामी आले नाही.

प्रमाणपत्राचा विषय आम्ही उगाच काढलेला नाही. पन्नास राज्यांच्या या उपक्रमात एक गंमत आहे, ती आम्हांला फार उशिरा उमगली. मेनमध्ये टाकलेले कार्ड त्याच तिकिटावर हवाईपर्यंत जाते. पण ते पाठवणाऱ्या शिक्षकाचा परवाना शेजारच्या राज्यातही आपोआप चालत नाही. तिथे सरकारी शाळेत शिकवण्याचा परवाना प्रत्येक राज्य वेगळा देते. प्रॅक्सिस नावाची परीक्षा पुष्कळ राज्ये मानतात, पण उत्तीर्णतेचे गुण आपापले ठरवतात. टेक्सस आणि कॅलिफोर्निया यांच्या परीक्षा निराळ्या. राज्याराज्यांत परवाने मानण्याविषयीचा एक जुना करार आहे, तरी नवे राज्य जादा परीक्षा किंवा जादा अभ्यासक्रम मागू शकते. सैन्यातील नोकरीमुळे ज्यांच्या जोडीदाराची वारंवार बदली होते, अशा शिक्षकांचे यात विशेष हाल होतात. त्यांचा विचार करून परवान्यांच्या देवाणघेवाणीचा एक नवा आंतरराज्य करार पुढे आला आणि २०२३ साली दहा राज्यांनी कायदा करून त्याला मान्यता दिल्यावर तो अमलात आला. जी राज्ये त्यात सामील होतात त्यांच्यापुरताच तो लागू आहे.

मग नोकरीच्या आणि बढतीच्या वाटेवर असलेला शिक्षक असे उपक्रम का करतो? हौस असते हे खरे. पण नकाशासमोर उभ्या असलेल्या मुलांचे छायाचित्र आपल्या कामाच्या फायलीत शोभेल, हाही विचार असतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. प्रश्न एवढाच की ते छायाचित्र उपयोगी पडते काय? अमेरिकेत १९८७ साली स्थापन झालेले एक राष्ट्रीय मंडळ अनुभवी शिक्षकांना ऐच्छिक प्रमाणपत्र देते. ते राज्याच्या परवान्याहून वेगळे आहे. त्यासाठी विषयाची परीक्षा द्यावी लागते. शिवाय वर्गाची चित्रफीत, मुलांच्या कामाचे नमुने आणि त्यावरचे स्वतःचे लेखी विवेचन द्यावे लागते. मुलाला आधी काय कळत होते, नंतर काय कळले, आणि ते पाहून तुम्ही शिकवण्यात काय बदल केला, असा तेथील प्रश्नांचा रोख असतो. भरलेली भिंत या प्रश्नांचे उत्तर देत नाही. उलट कार्डिनलच्या सात राज्यांवर मुलांनी घातलेला वाद कोणी टिपून ठेवला असता, तर तो तेथे पुरावा म्हणून चालला असता. म्हणजे जो उपक्रम मुलांच्या दृष्टीने उथळ आहे, तो शिक्षकाच्या फायलीलाही फारसा उपयोगी नाही.

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही, कारण असे काही कोणी विचारत नाही. शिक्षक पात्रता परीक्षेत दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटे आणि दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे. महाराष्ट्रात ती २०१३ पासून होते. भरतीसाठी अभियोग्यता चाचणी निराळी, आणि नेमणूक झाली तरी सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले. आमच्या ओळखीचे एक शिक्षक वीस वर्षे मुलांकडून आकाशनिरीक्षण करून घेत आले आहेत. ते आता संध्याकाळी प्रश्नसंच सोडवत बसतात. परीक्षा असू नये असे आम्ही म्हणत नाही. पण त्यांच्या निरीक्षणवह्या त्या परीक्षेच्या कोणत्याही रकान्यात बसत नाहीत, हे आम्हांला खटकते. आमच्यापैकी एकाने मुलाखतीला जाताना मुलांची पत्रे बरोबर नेली होती. समोरच्या गृहस्थांनी गठ्ठा न उघडता बाजूला सरकवला आणि विचारले, "संगणकाचा दाखला आहे का?"

असे असताना उपक्रम सोडून द्यावा काय? आमचे मत तसे नाही. कार्डाला एक अंगचा गुण आहे. त्यावर जागा थोडी असते, ते उशिरा पोहोचते आणि हातात धरता येते. मुलाला मोजके लिहावे लागते आणि उत्तराची वाट पाहावी लागते. वैज्ञानिक नोंदीला या दोन्ही सवयी पोषक आहेत. फक्त वर्ग पन्नास नकोत, एक किंवा दोन पुरे. आणि कार्डावर असे काही हवे, जे पाठवणाऱ्याकडे आहे पण घेणाऱ्याच्या पुस्तकात नाही.

फळ्यावरच्या मजकुराची फजिती झाल्यावर आम्ही दुसऱ्या वर्षी एवढेच केले. आमची शाळा कोल्हापूरकडची, आणि नागपूरकडच्या एका शाळेतील शिक्षक तयार झाले. दोन्हीकडे एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करायची, २०-२१ मार्चच्या सुमारास दुपारी तिची सर्वांत आखूड सावली मोजायची आणि लांबी व वेळ कार्डावर कळवायची. हिशेबाने कोल्हापूरला सावली साधारण ३० सेंटिमीटर यावी आणि नागपूरला साधारण ३९. वेळही वेगळी येते. नागपूरला सुमारे १२ वाजून २१ मिनिटांनी, तर कोल्हापूरला १२ वाजून ४० मिनिटांनी. आपल्या घड्याळात बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो, अशी मुलांची पक्की समजूत असते. ती या एकोणीस मिनिटांनी मोडते. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते, म्हणजे दोन गावांच्या रेखांशांत पावणेपाच अंशांच्या आसपास फरक असला पाहिजे. नकाशा उघडून मुले तो पडताळू शकतात.

सावलीवरून कोन काढायला त्रिकोणमिती लागत नाही. कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने मोजला की झाले. कोल्हापूरला सूर्य माथ्यापासून सुमारे १६.७ अंश दक्षिणेला, नागपूरला सुमारे २१.१. फरक साडेचार अंशांच्या थोडा आत. दोन गावांमधील दक्षिणोत्तर अंतर जवळजवळ ४९० किलोमीटर धरले, तर पृथ्वीचा परीघ ४० हजार किलोमीटरच्या आसपास निघतो. इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेच केले होते. आमच्या मुलांनी पहिल्या खेपेस रस्त्याचे अंतर धरले आणि पृथ्वी भलतीच मोठी केली. रस्ता ईशान्येकडे वळत जातो आणि आपल्याला फक्त उत्तरेकडचे अंतर हवे, हे त्यांना पटवायला दोन तास गेले. त्या दोन तासांइतके भूगोल आणि भूमिती एकत्र शिकवल्याचे आम्हांला आठवत नाही.

अमेरिकेतही अशी उदाहरणे आहेत. ऋतुबदलांच्या नोंदी गोळा करणाऱ्या एका प्रकल्पात वर्गांना काही अज्ञात ठिकाणांच्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा दर आठवड्याला मिळत, आणि त्यावरून ती ठिकाणे पृथ्वीवर कोठे आहेत ते ओळखायचे असे. २१ डिसेंबरला मायामीत दिवस साडेदहा तासांचा असतो आणि अँकरेजमध्ये साडेपाच तासांहूनही थोडा लहान. पन्नास राज्यांच्या उपक्रमातील प्रत्येक वर्गाने राज्याच्या फुलाऐवजी त्या दिवशीची दिवसाची लांबी कार्डावर लिहिली, तर तीच भिंत नुसती सजावट राहणार नाही. खर्च तेवढाच, तिकीट तेच.

आमच्या दुसऱ्या वर्षी नागपूरकडून चौदा कार्डे आली. दोन कार्डांवर सावली ३९ सेंटिमीटर होती, एकावर ४६. काठी तिरपी असावी असे आमच्या मुलांनी ठरवले आणि तसे विचारणारे कार्ड टाकले. एका कार्डावर आकडाच नव्हता. तिथल्या सातवीतल्या एका मुलाने लिहिले होते, "आमच्याकडे आज आभाळ आले. सावली पडली नाही. उद्या परत बघतो."