उपदेशकाचा आनंद आणि तिसरे आर्यसत्य

हिब्रू बायबलातील नीतिसूत्रे, ईयोब व उपदेशक हे तीन ग्रंथ ज्ञानपर वाङ्मय म्हणून ओळखले जातात. त्यांपैकी ‘उपदेशक’ मराठी वाचकाला निराशेचा ग्रंथ वाटतो, याला अनुवादही कारणीभूत आहे. ‘हेवेल’ या मूळ शब्दाचा वाच्यार्थ वाफ किंवा श्वास. मराठी बायबलात त्याचे ‘व्यर्थ’ झाले. वाफ क्षणिक असते, निरर्थक नव्हे. पालीच्या अभ्यासकास येथे ‘अनिच्च’ आठवल्यावाचून राहत नाही.

‘दुक्ख’ या शब्दाचीही हीच गत झाली आणि तथागतांचा धम्म निराशावादी ठरविला गेला. चार आर्यसत्ये माणसाला आशा नाकारतात काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच उपस्थित केला आहे.

उपदेशकाने निदान सात ठिकाणी आनंदाची शिफारस केली आहे. अन्न, पाणी आणि श्रमातील समाधान हा ईश्वराने दिलेला वाटा होय, असे तो मानतो. खानदेशी वाचकाला हा भाव परका नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या १९५२ साली प्रकाशित झालेल्या कवितेत वैधव्याचे दुःख आणि शेतीतील श्रमाचा आनंद शेजारी शेजारी नांदतात.

तथापि श्रमाचा आनंद हा श्रमाचे फळ ज्याच्या हाती येते त्याचा. महारवतनाच्या वेठीत पिढ्या घालविलेल्यांना, किंवा जळगाव-धुळ्याच्या कपाशीत रोजाने राबणाऱ्या भूमिहीनास, हा वाटा कोणी दिला? उपदेशकाने चौथ्या अध्यायात पीडितांचे अश्रू पाहिले. त्यांचे सांत्वन करणारा कोणी नाही, हेही दोनदा नोंदविले. पण उपाय न सांगता तो मृतांनाच अधिक भाग्यवान ठरवितो. नीतिसूत्रे सज्जनाची आशा खुंटणार नाही असे आश्वासन देतात. मात्र त्या आशेचा आधार ईश्वरी न्याय. सर्वस्व गमावलेला ईयोब त्याच न्यायाला जाब विचारतो. ते धैर्य मोठे आहे. परंतु अखेर त्यालाही ईश्वराच्या सामर्थ्यापुढे नमावे लागते.

धम्माचा मार्ग येथे वेगळा होतो. दुःखाचे अस्तित्व मान्य करणे आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखविणे हाच धम्माचा पाया, असे बाबासाहेब सांगतात. निरोध हे तिसरे आर्यसत्य आहे. त्याची वाट स्वप्रयत्नाची आहे. सात बोध्यंगांत ‘पीति’ म्हणजे प्रफुल्लता आहे, धम्मपदात स्वतंत्र सुखवग्ग आहे. उपदेशकाची प्रामाणिक दृष्टी आदरणीय खरी. परंतु अश्रू पाहणे ही आशेची केवळ सुरुवात होय. ते पुसण्याचा मार्ग मनुष्याच्या हाती आहे असे जो सांगतो, त्याचीच आशा टिकाऊ.