खुजेपणाचे आकर्षण : हाफलिंग, मावळा आणि वामन

टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एकेका कल्पित पात्राची भूमिका घ्यायची आणि सर्वांनी मिळून कथानक पुढे न्यायचे, अशा खेळांचा आरंभ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'पासून (१९७४) मानला जातो. या खेळात खेळाडूला उंचापुरा योद्धा होण्याची पूर्ण मुभा असते. तरीही जेमतेम तीन फुटी हाफलिंग किंवा नोम होणे पसंत करणारे खेळाडू प्रत्येक पिढीत आढळतात. सामर्थ्याच्या कल्पनाविश्वात शिरून दुबळेपणा का निवडावा? 'गोंडसपणा' हे याचे नेहमीचे उत्तर अपुरे आहे. गोंडस वस्तू आपण न्याहाळतो, जवळ घेतो. आपण स्वतः ती होत नाही. येथे प्रश्न होण्याचा आहे.

खेळाची नियमपुस्तिका हीही एक संहिताच असते आणि तिचे वाचन तसेच करावे लागते. १९७४ च्या नियमांत या वंशाचे नाव 'हॉबिट' असे होते. टॉल्किन यांच्या १९३७ च्या कादंबरीतून घेतलेले ते नाव, हक्कधारकांच्या आक्षेपानंतर 'हाफलिंग' झाले. मूळ नियम मोठा कंजूष आहे. कोणाला हॉबिट व्हायचेच असेल तर त्याने योद्धाच व्हावे आणि चौथ्या पातळीवर थांबावे. त्याबदल्यात जादूला प्रतिकार आणि अचूक नेम एवढे पदरात पडते. १९७८ च्या पुस्तिकेत त्याला एकाच व्यवसायात अमर्याद प्रगती मिळाली, ती चोराच्या. जन्मावरून ठरणाऱ्या या मर्यादा २००० साली उठल्या. २०१४ च्या आवृत्तीत तर त्याला दोन विलक्षण गुण लाभले : फाशावर एक पडल्यास तो पुन्हा टाकता येतो, आणि आपल्याहून मोठ्या प्राण्याने व्यापलेल्या जागेतून त्याला आरपार जाता येते. हा दुसरा नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. मोठ्यांनी अडवलेली जागा लहानासाठी मोकळीच असते. दुर्लक्षित राहण्याचे रूपांतर येथे हक्कात होते. टॉल्किनच्या महाकथेतही सत्तेची नजर हॉबिटांवरून घसरते, म्हणूनच कार्य सिद्धीस जाते. कार्य झाल्यावर ते आपल्या गावी परततात आणि खुजेच राहतात. (मेरी आणि पिपिन यांची उंची थोडी वाढते, पण राज्य मागण्याइतकी नव्हे.)

आदिबंधात्मक समीक्षेला येथे लगेच सर्व संस्कृतींतील 'लहानग्या'ची एक मालिका लावता येईल. मराठीत एके काळी या पद्धतीचा बराच बोलबाला होता. परंतु असे एकत्रीकरण जे पुसून टाकते तेच महत्त्वाचे असते. ते पाहण्यासाठी जुन्नर-आंबेगाव परिसरातील दिवाळीचा पाडवा पुरेसा आहे.

शिवनेरीच्या पायथ्याशी, पुणे जिल्ह्यात इतरत्र होतात तसेच, दिवाळीत दगडमातीचे किल्ले उभे राहतात. त्यांवर अळीव किंवा मोहरी पेरली जाते, माथ्यावर महाराज बसतात आणि उतारावर मातीचे मावळे पहारा देतात. प्रमाणाचे बंधन कोणी पाळत नाही. मावळा दरवाजाहून उंच असतो. (जुन्नरच्या खोऱ्यांना मावळ नव्हे, नेर म्हणतात : कुकडनेर, मिन्नेर. पण मूर्ती विकणाऱ्याला हा भेद सांगून उपयोग नाही.) सुझन स्टुअर्ट यांनी 'ऑन लाँगिंग' (१९८४) या ग्रंथात लघुरूपाचा संबंध खाजगी अंतर्विश्वाशी आणि मालकीशी जोडला आहे. किल्ल्याच्या बाबतीत तो पटतो. मूल या रचनेच्या बाहेर, वरून पाहणारे राहते. एच. जी. वेल्स यांच्या 'लिट्ल वॉर्स'मधील (१९१३) खेळाडूही असाच सैन्याच्या वर उभा असतो. आर्नेसन-गायगॅक्स यांनी घडवलेला बदल म्हणजे त्या खेळाडूला टेबलावर उतरवून एका बाहुलीत बसवणे. आपला किल्ला त्या उंबरठ्याशी थांबला. एकाच साच्यातून निघालेल्या डझनभर मावळ्यांपैकी एकालाही नाव नसते. हाफलिंगला खुजेपणाने व्यक्तित्व मिळते, मावळ्याचे तेच हरवते. ज्याच्या डोंगर जाणण्यावर गनिमी कावा उभा होता त्याच्या वाट्याला पहारा तेवढा येतो.

पण त्याच पाडव्याला दुसरा एक खुजाही स्मरणात असतो. 'इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे ज्याच्यामुळे म्हणावे लागते तो वामन. पुराणकथेत तो बटू म्हणून येतो, तीन पावले भूमी मागतो आणि वाढतो. त्याचे खुजेपण हे केवळ वेषांतर आहे. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' या म्हणीतही लहानपणाला किंमत येते ती त्याआड मोठेपण असल्यामुळे. शेतकऱ्याची सहानुभूती मात्र येथे मोठ्याकडे, बळीकडे आहे. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) या कथेची जी उलटतपासणी केली ती मुळात प्रमाणाची तपासणी आहे : एका पावलाने पृथ्वी व्यापली, तर त्या पावलाखालच्या गावांचे काय झाले? कथेचे रूपक एकदा मान्य केले की हा प्रश्न सुचतच नाही. फुले रूपक नाकारतात, म्हणून त्यांना गावे दिसतात.

आंबेगाव तालुक्यात या प्रश्नाला भौगोलिक आशय आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळचे आंबेगाव बुडाले. तालुक्याला नाव उरले आणि कचेऱ्या घोडेगावात आहेत. पश्चिमेकडील महादेव कोळ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, कालवे पूर्वेकडे वाहू लागले. अशा भूप्रदेशातील वाचक खुज्या नायकाची कथा ऐकताना त्याची निरागसता आधीच गृहीत धरणार नाही. हा किती मागेल आणि मग केवढा होईल, हे त्याला कळलेले हवे असते.

म्हणून हाफलिंगचे खरे आकर्षण मला त्याच्या न वाढण्यात दिसते. त्याच्या वंशगुणांत वाढण्याची तरतूद कोणत्याही आवृत्तीत नाही, आणि त्याची भूमी त्याच्याकडे आधीच आहे. अर्थात 'वंशगुण' ही कल्पनाही निर्धोक नव्हे. गुण आणि प्रगतीची मर्यादा जन्माने ठरवणारा १९७४ चा नियम मराठीत आणायचा, तर 'वंश' या शब्दामागे 'जात' उभी राहतेच. २०२४ च्या पुस्तिकेने 'रेस' सोडून 'स्पीशीज' हा शब्द घेतला. त्यासाठी 'प्रजाती' म्हणावे, तर त्यातही जन्म आहेच.

हाफलिंगसाठी मराठी शब्द शोधणाऱ्याला कोशातला 'वामन' प्रथम सापडेल. तो टाळावा. 'हिमगौरी आणि सात बुटके' या गोष्टीमुळे 'बुटका' मुलांच्या ओळखीचा आहे, पण तो त्या सातजणांनी कायमचा अडवला आहे. 'ठेंगू' त्यातल्या त्यात बरा. त्यात हेटाळणी आहे, पण तीन पावलांची मागणी नाही.