निसर्गाला माणूस दिसतो का?

१८३६ साली पुश्किनच्या 'सव्रेमेन्निक' या त्रैमासिकाच्या दोन अंकांत मिळून चोवीस कविता 'जर्मनीहून आलेल्या कविता' अशा मथळ्याखाली छापल्या गेल्या. कवीचं नाव दिलेलं नव्हतं, नुसती आद्याक्षरं होती. हा कवी म्हणजे म्युनिकच्या रशियन वकिलातीत नोकरी करणारा फ्योदर त्युत्चेव. त्यांतल्या एका कवितेची दोन कडवी सेन्सॉरने उडवली आणि त्या जागी ठिपक्यांच्या ओळी आल्या. ती कडवी पुढे कुठेच सापडली नाहीत. आजच्या आवृत्त्यांतही ती कविता तशीच, मधेमधे ठिपके घेऊन छापली जाते.

कवितेत राजकारण नव्हतं, बंडाची भाषा नव्हती. झाडं, नद्या, वादळं यांच्यात जीव आहे, आणि ज्यांना तो जाणवत नाही ते या जगात बहिऱ्या-आंधळ्यांसारखे वावरतात, एवढंच तिचं म्हणणं. पण निसर्गाला स्वतःचा आत्मा बहाल केला की चर्चच्या शिकवणीतला निर्माता बाजूला पडतो. झाडापानांच्या कवितेवरही कात्री चालावी, इतका हा विषय त्या समाजात गंभीर होता.

रशियन साहित्य म्हटलं की मराठी वाचकाला तॉल्स्तॉय, दोस्तोयेव्हस्की, चेखव आठवतात. कादंबरी आणि कथा. तिथली भावकविता त्यामानाने अनोळखी राहिली आहे, आणि तिच्याबद्दल सर्वसाधारण समज असा, की बर्फ, बर्चची झाडं आणि उदासी यांचं ते एक सुंदर मिश्रण असावं. प्रत्यक्षात या कवितेत दीडशेहून अधिक वर्षं एक वाद चालू आहे. आपण निसर्गाकडे बघतो, तसा निसर्ग आपल्याकडे बघतो का? आपण असलो-नसलो याची त्याला खबर असते का? जिथे कवीला उत्तर ठाऊक नसतं आणि तो समोरच्या शेताकडे, नदीकडे डोळे उघडे ठेवून बघतो, तिथे ही कविता असामान्य उंची गाठते. जिथे तो एखाद्या ग्रंथातून तयार उत्तर घेऊन येतो, तिथे ती बसते. या परंपरेतल्या थोर कवींनीही दोन्ही प्रकारच्या कविता लिहिल्या आहेत.

प्रश्नाची सुरुवात एका शास्त्रज्ञाने केली. मिखाईल लोमोनोसोव हा उत्तरेकडच्या अर्खांगेल्स्क परिसरातला, पोमोर कोळ्याचा मुलगा. लहानपणापासून त्याने ध्रुवीय प्रकाश पाहिला होता. १७४३ च्या आपल्या प्रसिद्ध कवितेत तो या प्रकाशाबद्दल विद्वानांना प्रश्नामागून प्रश्न विचारतो. थंडीने गोठलेल्या आकाशात आग पेटते कशी? गडगडाटाचे ढग नसताना वीज कुठून येते? कविता ईश्वराच्या महिमेवर आहे, पण ती संपते प्रश्नांवरच. पुढे वातावरणातल्या विजेचा अभ्यास करणाऱ्या माणसाने आपलं कुतूहल आधी कवितेत मांडलं, ही गोष्ट रशियन कवितेच्या पुढच्या वाटचालीसाठी फार मोलाची ठरली.

त्याच्यानंतरच्या देर्झाविनने करेलियातला किवाच धबधबा पाहिला होता. त्या प्रांताचा तो काही काळ राज्यपाल होता. १७९१ मध्ये रशियन दरबारातला बलाढ्य सरदार पोत्योमकिन उघड्या माळावर, रस्त्याच्या कडेला मरण पावला, तेव्हा देर्झाविनला सत्तेचं रूप त्या कोसळणाऱ्या पाण्यात दिसलं. हाच देर्झाविन १८१६ च्या जुलैत, मृत्यूच्या काही दिवस आधी, पाटीवर आठ ओळी लिहून गेला. काळाची नदी माणसाचं सगळं कर्तृत्व वाहून नेते, असा त्यांचा आशय. ती पाटी पीटर्सबर्गच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे, अक्षरं मात्र जवळजवळ पुसली गेली आहेत.

पुश्किनला या वादाचा ताण फारसा जाणवत नाही, आणि हेच त्याचं मोठेपण. १८२९ मधल्या एका कवितेत तो स्वतःच्या मरणाचा विचार करत गर्दीतून हिंडतो आणि शेवटी एवढंच मागतो, की आपल्या थडग्यापाशी कोवळं आयुष्य खेळत राहावं आणि निसर्गाने आपल्या बेफिकीर सौंदर्यात उजळत राहावं. निसर्ग उदासीन आहे याची त्याला तक्रारच नाही. १८३५ मध्ये तो मिखाइलोव्स्कोयेला परत गेला. तिथेच त्याने दोन वर्षांची स्थानबद्धता भोगली होती. आजोबांच्या जमिनीच्या हद्दीवर तीन पाइन वृक्ष होते. दोन शेजारी-शेजारी, एक जरा लांब, एकटा. दोघांच्या बुंध्याशी आता कोवळी रोपं दाटली होती. तिसरा मात्र अजून म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्यासारखा उभा. कवी त्या रोपांना, म्हणजे आपण मोठी झालेली पाहू शकणार नाही अशा पिढीला, नमस्कार करतो. दीड वर्षही उलटलं नाही तोच तो द्वंद्वयुद्धात मारला गेला.

लेर्मोंतोवला अशी शांती मिळाली नाही. १८४१ मध्ये त्याने रात्रीच्या खडकाळ वाटेवर एकटा निघालेला माणूस रंगवला. आकाशात तारे एकमेकांशी बोलताहेत, पृथ्वी झोपली आहे, सगळीकडे गांभीर्य, आणि याच्या एकट्याच्याच जिवाला घोर. त्याला झोप हवी आहे, पण कबरीतली गार झोप नको. छातीत श्वास चालू राहावा, वर ओकचं झाड सळसळत राहावं. त्याच वर्षी जुलैत तोही द्वंद्वयुद्धात गेला. वय सव्वीस. छंदशास्त्राचा अभ्यासक किरिल तारानोव्हस्की याने १९६३ मध्ये दाखवून दिलं, की या कवितेच्या छंदाबरोबर वाट, चालणं, एकटेपण आणि आयुष्याचा विचार ही सामग्री पुढच्या कवींपर्यंत वाहत गेली: त्युत्चेव, ब्लोक, येसेनिन, पास्तर्नाकचं 'हॅम्लेट'. एका छंदाला त्याचा विषय असा चिकटून राहावा, ही छंदाभ्यासातली एक विलक्षण घटना आहे.

आता बारातीन्स्कीकडे वळायला हवं. संकलनांत त्याच्या वाट्याला नेहमी कमी पानं येतात, आणि हा अन्याय आहे. 'शरद' ही त्याची दीर्घ कविता १८३७ च्या सुरुवातीला पूर्ण होत होती. शेवटची कडवी लिहीत असतानाच पुश्किनच्या मृत्यूची बातमी येऊन पोचली. कवितेचा सांगाडा साधा आहे. सप्टेंबर आला, पिकं कापून झाली, कोठारं भरली, शेतकरी आता हिवाळाभर निवांत. मग कवी दुसऱ्या एका शेतकऱ्याला हाक मारतो, आयुष्याचं शेत कसणाऱ्याला. तुझं पीक कुठे आहे? तुझ्या कोठारात काय पडलं? हिशेब निघतो तो भ्रमनिरासाचा. पण बारातीन्स्की इथे थांबत नाही. वादळ घोंघावलं तर जंगल प्रतिसाद देतं. खोल विचारातून आलेल्या शब्दाला मात्र प्रतिध्वनी मिळत नाही. एखादा तारा मार्ग चुकून अथांगात पडला तरी जगाच्या कानाला त्याचा आक्रोश ऐकू येत नाही, आणि नवा तारा उगवला तरी त्याची दखल नाही. शेवटी बर्फ येतो, सगळं सपाट करतो. शेतकऱ्याला पुढच्या हंगामाची खात्री आहे. विचार करणाऱ्याला ती नाही.

याच कवीने १८३९ मध्ये आणखी एक छोटी कविता लिहिली, जी आज वाचताना दचकायला होतं. माणूस जोवर निसर्गाला मुशीत तापवत नव्हता, तराजूत तोलत नव्हता, त्याचे शकुन मुलाच्या विश्वासाने ऐकत होता, तोवर निसर्गही त्याच्याशी मायेने बोलत होता. बुद्धीच्या मागे लागून तो शोधाशोध करू लागला आणि निसर्गाने हृदय मिटून घेतलं. लोमोनोसोवने ज्या कुतूहलाचं गाणं केलं, त्याचीच ही किंमत, शंभर वर्षांच्या आत मांडलेली.

त्युत्चेवबद्दल सगळ्यांत जास्त लिहिलं गेलं आहे आणि सगळ्यांत जास्त गैरसमजही त्याच्याच वाट्याला आले आहेत. शाळेतल्या मुलांना तो मे महिन्याच्या सुरुवातीच्या गडगडाटाचा कवी म्हणून भेटतो. त्या कवितेचं ग्रीक देवतेचा उल्लेख असलेलं शेवटचं कडवं अनेक शालेय संकलनांत गाळलेलं असतं. मग उरतं पावसाचं एक गोड चित्र, आणि वादळामागे खेळकर दैवी हात पाहणारा कवी नाहीसा होतो. दुसरीकडे समीक्षकांनी त्याला जर्मन तत्त्वज्ञ शेलिंगचा शिष्य ठरवलं. म्युनिकमध्ये त्याची शेलिंगशी गाठभेट होती हे खरं. १८२३ पासून मॉस्कोत तरुणांचं एक मंडळ जर्मन तत्त्वज्ञान वाचत होतं आणि डिसेंबर १८२५ च्या उठावानंतर ते बंद पडलं, हेही खरं. तत्त्वज्ञ व्लादिमीर सोलोव्योवने १८९५ मध्ये लिहिलं, की निसर्ग जिवंत आहे यावर त्युत्चेवची कवी म्हणून मनापासून श्रद्धा होती. हा निबंध सुंदर आहे, पण तो अर्धाच त्युत्चेव सांगतो.

कारण हाच कवी १८६९ मध्ये चार ओळींत म्हणतो, की निसर्ग हा स्फिंक्स खरा, पण त्याच्यापाशी कदाचित कसलंच कोडं नव्हतं आणि नाही. १८७१ मध्ये तो आपल्या ओव्स्तुग गावाजवळच्या व्श्चीझ इथे गेला. एकेकाळी तिथे राजधानी होती, लढाया झाल्या होत्या. आता काही टेकाडं उरली आहेत आणि त्यांवर ओक डवरले आहेत. कुणाच्या राखेवर आपली मुळं रुजली आहेत याची त्या झाडांना पर्वा नाही. निसर्गाला भूतकाळ ठाऊकच नाही, माणसं त्याला स्वप्नासारखी, अशा निष्कर्षाला कवी येतो. दोन वर्षांनी तो वारला. पस्तीस वर्षांत 'हो' पासून 'नाही' पर्यंतचा हा प्रवास, आणि यातल्या कुठल्याच टप्प्यावर त्याने खोटं लिहिलेलं नाही. त्याच्या राजकीय कवितांत मात्र सगळी उत्तरं आधीच ठरलेली असतात. त्या आज वाचवत नाहीत.

त्याचं सामर्थ्य बघायचं तर १८५७ च्या ऑगस्टमधली बारा ओळींची शरदाची कविता घ्यावी. ओव्स्तुगहून मॉस्कोला जाताना वाटेत ती सुचली. हवा काचेसारखी स्वच्छ, संध्याकाळी लखलखीत. जिथे विळे फिरले, कणसं पडली, तिथे आता सगळं मोकळं. फक्त कोळ्याच्या जाळ्याचा एक बारीक धागा रिकाम्या तासावर चमकतो आहे. पक्षी गेले, पहिली हिवाळी वादळं अजून लांब आहेत, आणि मधल्या या विसाव्याच्या जमिनीवर निळाई ओतली जाते. आत्मा, विश्व, अनंत असलं काहीही कवितेत आलेलं नाही. तरीही श्रमानंतरची आणि मरणाआधीची ती मोकळी जागा वाचणाऱ्याला पुरती कळते. हे कुठल्याही प्रबंधातून साधलं नसतं.

अफानासी फेतने वादाचा रोखच बदलला. निसर्ग उत्तर देतो का हे तो विचारत नाही. विचारणारा 'मी'च तो काही क्षण विरघळवून टाकतो. १८५० मध्ये छापलेल्या त्याच्या एका बारा ओळींच्या कवितेत एकही क्रियापद नाही. बुलबुल, ओढा, सावल्या, चेहरा, पहाट अशी नुसती नामं येतात आणि रात्र सरते. विडंबनकार त्याच्यावर तुटून पडले. दोस्तोयेव्हस्कीने १८६१ मध्ये एक कल्पना लढवली: १७५५ च्या लिस्बन भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अशी कविता आली तर? लोक कवीला भर चौकात ठार मारतील. पण तीस-पन्नास वर्षांनी त्याच चौकात त्याचा पुतळा उभारतील. फेतचा इतका नेमका बचाव नंतर कुणी केला नाही.

फेतची १८५७ ची गवताच्या गंजीवरची कविता तर याहून धाडसी आहे. माणूस रात्री उताणा पडला आहे, पृथ्वी अस्पष्ट स्वप्नासारखी कुठेतरी वाहून गेली आहे, आणि आपण ताऱ्यांकडे झेपावतो आहोत की तारे आपल्याकडे, हे त्याला कळेनासं होतं. पुढे फेतने जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरच्या मुख्य ग्रंथाचा रशियन अनुवाद केला. तो १८८१ मध्ये निघाला. शोपेनहाउअर उपनिषदांच्या लॅटिन भाषांतराचा भक्त होता, त्यामुळे फेतच्या उत्तरायुष्यातल्या कविता मराठी वाचकाला ओळखीच्या वाटू शकतात. पण त्यांतल्या ज्या कवितांत ग्रंथ फार दिसतो, त्या गंजीवरच्या कवितेपुढे फिक्या पडतात.

शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांचा कवी नेक्रासोव याला हे सगळं खात्यापित्या लोकांचं चिंतन वाटावं, अशी आपली अपेक्षा असते. पण १८५० मध्ये विस्मृतीत गेलेल्या त्युत्चेवला लेख लिहून परत आणलं ते त्यानेच. आणि १८५४ च्या एका कवितेत त्याने जुना प्रश्न उलटा केला. शरद सरत आला, पाखरं उडून गेली, रान उघडं पडलं, आणि एक पट्टी कापायची राहून गेली आहे. कणसं आपसांत कुजबुजतात: आम्ही काय इतरांपेक्षा वाईट पिकलो? आमचा धनी कुठे आहे? वारा सांगतो, तो आजारी आहे, त्याचे हात वाळक्या काटक्यांसारखे झाले आहेत. इथे निसर्गच माणसाची वाट बघतो. भूदासपद्धती रद्द व्हायला अजून सात वर्षं होती.

विसाव्या शतकात हा वाद पुढे नेला निकोलाय झाबोलोत्स्कीने. १९३२ मध्ये त्याने अंतराळविज्ञानाचा प्रणेता त्सिओल्कोव्हस्की याच्याशी पत्रव्यवहार केला होता. १९३८ मध्ये त्याला अटक झाली आणि पुढची वर्षं छावण्यांत गेली. अटकेआधी, १९३६ मध्ये, मृत्यूवर विचार करताना लिहिलेल्या कवितेत त्याला पानांच्या वर पुश्किनचा आवाज ऐकू येतो, पाण्याकाठी कवी ख्लेब्निकोवचे पक्षी गातात, दगडात तत्त्वज्ञ स्कोवोरोदाचा चेहरा उमटतो. आपण निसर्गाचं नुसतं लेकरू नसून त्याचा विचार आहोत, असं तो म्हणतो. युद्धानंतर, १९४७ मध्ये, सूर आणखी कठोर झाला. आपण निसर्गात सुसंवाद शोधत नाही असं तो सुरुवातीलाच सांगतो. दिवसभराच्या आंधळ्या धडपडीने थकलेला निसर्ग झोपेत टर्बाइनची लय आणि श्रमाची शिस्त स्वप्नात बघतो, एखाद्या वेड्या पण मायाळू आईसारखा, जिला आपल्या मुलाच्या सोबतीने सूर्य पाहायचा आहे. छावणीतून आलेल्या माणसाने श्रमाबद्दल हे लिहावं, याचं वाचकाला आश्चर्य वाटतं. बारातीन्स्कीच्या मते माणसाच्या बुद्धीमुळे निसर्ग मुका झाला होता. झाबोलोत्स्कीच्या कवितेत तोच निसर्ग त्या बुद्धीची आस धरून आहे.